नऊ खिशांचा शर्ट

संचिता घाडीगावकर यांनी सहा हजार नऊशे नव्याण्णव रुपयांचा शर्ट घेतला तो गरज म्हणून, असं त्यांचं शेवटपर्यंत म्हणणं होतं. ही गरज वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांना कधी जाणवली नव्हती, कारण तोवर त्यांनी बुशक्राफ्टचे व्हिडिओ पाहिले नव्हते.

बुशक्राफ्ट म्हणजे रानात जाऊन, हाताशी जे मिळेल त्यावर, कमीत कमी साधनांनी राहण्याची विद्या. या कमीत कमी साधनांची यादी चार पानांची होती. यादीत पहिला होता शर्ट. कुठल्याशा बर्फाळ देशातला एक दाढीवाला माणूस दर रविवारी रानात एकटाच जाई, चकमकीच्या कांडीने जाळ करी आणि कॉफी पीत जंगलाकडे बघत बसे. त्याला कोणी 'डबा कुणाचा राहिला?' असं विचारत नसे. कणकवलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात चोवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या आणि घरी त्याहून जास्त वर्षं डबे भरलेल्या संचिताबाईंना त्या माणसाचा हेवा वाटला, तर त्यात नवल नव्हतं. त्यांनी दोन महिने अभ्यास केला. महाग शर्ट घ्यावा की साधा चालेल, यावर जगभरच्या लोकांनी इंटरनेटवर घातलेले वाद वाचले. कोणी म्हणे, जुना सुती शर्टच बरा. कोणी म्हणे, घ्याल तर उत्तमच घ्या, जन्मभर टिकेल. संचिताबाईंनी दोन्ही बाजू निःपक्षपातीपणे वाचल्या आणि मग मनात आधीच ठरलेला शर्ट मागवला.

शर्ट सुंदर होता. शेवाळी हिरवा रंग, नऊ खिसे, बाह्या वर गुंडाळून अडकवायला पट्ट्या, घाम बाहेर जायला पाठीवर जाळीच्या झडपा आणि गळ्यापाशी दोरीला एक शिट्टी. ऊन अडवणारा, डाग न धरणारा, वास न येणारा, काट्याला न फाटणारा. किंमत विचारल्यावर त्यांनी निलेशरावांना, म्हणजे यजमानांना, "असेल दीड-दोन हजार," असं सांगितलं. कार्ड निलेशरावांचं असल्यामुळे खरा आकडा त्यांच्या फोनवर आधीच येऊन बसला होता.

"एवढ्या पैशात फकरुद्दीनभाय माका लग्नाचो सूट शिवान देतलो," निलेशराव म्हणाले.

"लग्न झालंय तुमचं."

"म्हणानच सूट मिळाक नाय."

फकरुद्दीनभाई त्याच इमारतीत खाली राहत. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि आत दोन मशिनं होती. शर्टाची बातमी त्यांच्यापर्यंत गेली तेव्हा ते चष्मा घेऊन वर आले. कॉलर उलटी केली, शिवणीवरून नख फिरवलं आणि कापड एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरसारखं उजेडासमोर धरलं.

"शिवण तीनपदरी आसा," ते शेवटी म्हणाले. "काज बरे आसत. कापाड पण बरा. पण वैनी, नऊ खिशे कित्याक? माणूस एक, हात दोन."

संचिताबाईंनी त्यांना बुशक्राफ्ट समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "मगे आमच्या बावखोलात जावा. सासऱ्यांची काजूची बाग आसा, चार एकर. वांदरांशिवाय तुमका कोण इचारूचो नाय."

त्यानंतर इमारतीतून सल्ले आले. दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाताईंनी सापावरचा मंत्र दिला, तिसऱ्या मजल्यावरून मच्छरची उदबत्ती आली, आणि सगळ्यांनी मिळून 'एकटी कशाला जातेस' हा प्रश्न इतक्यांदा विचारला की एकटंच जायचं हे संचिताबाईंच्या मनात पक्कं झालं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेनऊला बावखोल फाट्यावर एसटी थांबली आणि संचिताबाई उतरल्या. हिरवा शर्ट, खाकी पँट, घोट्यापर्यंत बूट, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. फाट्यावर चहाची एक टपरी होती. बाकड्यावर बसलेली तीन माणसं त्यांना बघून उठून उभी राहिली. टपरीवाल्याने बाकडं फडक्याने पुसलं.

"या मॅडम, बसा. आज इकडे फेरी काय?"

चोवीस वर्षांत संचिताबाई वर्गात शिरल्यावर इतकी माणसं एकदम कधी उभी राहिली नव्हती. त्या बसल्या. चहा आला, तोही बशीसकट. आपल्या चेहऱ्यावर काहीतरी भारदस्त आलं असावं, असं त्यांना वाटून गेलं. रानाचा माणसावर परिणाम होतो असं तो दाढीवाला म्हणायचाच. अजून रान सुरू व्हायचं होतं, ही गोष्ट वेगळी.

तेवढ्यात साठी उलटलेली एक बाई रस्ता ओलांडून जवळजवळ धावत आली. ही काशीबाई. फकरुद्दीनभाईंच्या सासऱ्यांच्या बागेला लागून हिची केळीची बाग होती.

"बाये, फॉरेष्टातसून इलास मा? बरा झाला गे बाय, देवासारख्या इलास! काल राती गवे शिरले माझ्या केळीत. सगळी केळ आडवी करून गेले!"

संचिताबाईंना आता टपरीचा सगळा आदरसत्कार समजला. "खरं तर..." त्यांनी सुरुवात केली. पण त्याच वेळी एका माणसाने त्यांची पिशवी उचलून खांद्यावर घेतली, टपरीवाल्याने चहाचे पैसे घ्यायला हात जोडून नकार दिला, आणि 'खरं तर' हे दोन शब्द पुढे जायचं नाव घेईनात.

"मी बघते," त्या म्हणाल्या.

आपण खोटं बोललो नाही, असं त्यांनी पुढे निलेशरावांना बजावून सांगितलं. बघते म्हणाल्या, आणि बघितलं. नुसतं बघितलंच नाही, तर खिसा क्रमांक चारमधून पाण्यात न भिजणारी वही काढून एकेक केळ मोजली. एकेचाळीस आडव्या होत्या. खिसा क्रमांक सहामधून पट्टी काढून खुरांचे ठसे मोजले. सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

"बॉस गॉरस," त्यांनी गव्याचं लॅटिन नाव गंभीरपणे सांगितलं. "नर असावा."

"चार होते. एक पाडको," काशीबाई म्हणाली. "आणि बॉस कोण ता तुमचा तुमी ठरवा बाये, पैशे मातर माका मिळांदेत."

"लक्ष घालते हं मी."

हे वाक्य त्या पालकसभेत नेहमी वापरत. तिथे त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असे. काशीबाईला ठाऊक नव्हता. तिने शहाळं सोलून दिलं, आणि संचिताबाई ते पिऊन आपल्या खऱ्या कामाला, म्हणजे काजूच्या बागेत एकांतात बसायला निघाल्या.

एकांत बांधायला दीड तास लागला. ताडपत्री एका बाजूने बांधली की दुसऱ्या बाजूने सुटे. त्यात त्या दोनदा करवंदीच्या जाळीत पडल्या, पण शर्टाला ओरखडासुद्धा आला नाही, याची त्यांनी वहीत नोंद केली. ओरखडे हातांवर आले. हातांबद्दल कंपनीने काही म्हटलेलं नव्हतं. मग जाळ. चकमकीच्या कांडीतून ठिणग्या छान पडत, पण पेटत काही नसे. दाढीवाल्याचं सांगणं होतं की ठिणगी धरायला काहीतरी कोरडं, बारीक, लवदार शोधावं आणि ते छातीच्या खिशात ठेवावं, म्हणजे अंगाच्या उबेने अजून वाळतं.

संचिताबाई शोधत निघाल्या. कुंपणाच्या कडेला एका वेलीवर त्यांना अगदी हवं तसं दिसलं: बोटभर लांबीच्या, वाकड्या, सोनेरी तपकिरी शेंगा, वर मखमलीसारखी दाट लव, उन्हात चमचमणारी. निसर्गाने जणू त्यांच्याचसाठी टांगून ठेवलेलं. त्यांनी काडीने खुडून दोन्ही छातीचे खिसे भरले, मग कमरेचे दोन भरले आणि परत येऊन पुन्हा वाकून ठिणग्या पाडायला लागल्या.

पहिल्यांदा मानेला वाटलं की मुंगी असेल. मग वाटलं दोन असतील. मग ज्या हाताने मान खाजवली त्या हाताला, ज्या हाताने तो हात खाजवला त्या दुसऱ्या हाताला, आणि पाठीवरच्या जाळीच्या झडपांतून, ज्या केवळ घाम बाहेर जाण्यासाठी होत्या, पण ज्यांतून आत यायलाही कोणाला बंदी नव्हती, सगळ्या पाठीला एकदम आग लागली. पेटलेलं असं त्या बागेत तेवढंच होतं. संचिताबाईंनी ताडपत्रीभोवती दोन फेऱ्या मारल्या, एका काजूच्या बुंध्याला पाठ घासली, आणि तेही पुरेना तेव्हा शिट्टी फुंकली. शिट्टीचा आवाज अर्धा मैल जातो असं पाकिटावर लिहिलं होतं. तो जातो.

काशीबाई कुंपणावरून उडी मारूनच आली.

"काय गे झाला?" तिने खिशातून डोकावणारी शेंग बघितली आणि कपाळाला हात लावला. "गे बाय माझे! खाजकुयरी? खिशात भरलंस? कित्याक?"

"जाळ करायला," संचिताबाई नाचत म्हणाल्या.

"फॉरेष्टाची होऊन रानात आग लावतंस?"

अहोजाहो गेली होती, पण त्या क्षणी संचिताबाईंना व्याकरणापेक्षा पाठीची काळजी होती. काशीबाईने त्यांना ओढत गोठ्यात नेलं, शर्ट काढायला लावला आणि ताजं शेण घेऊन हात, मान, पाठ, कान, सगळं लिंपून काढलं. खाजकुयरीला हाच उपाय. उपायाखाली संचिताबाई तासभर स्टुलावर बसून होत्या. एक म्हैस त्यांच्याकडे बघत होती. म्युक्युना प्रुरिएन्स, कुळ फॅबेसी. हे नाव त्यांनी चोवीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. प्रयोगशाळेत सतरा नंबरच्या बाटलीत ती शेंग होतीसुद्धा. पण फॉर्मलिनमधल्या शेंगेला सोनेरी रंग नसतो आणि खाजही नसते.

"नवी लागलंस मा नोकरीक?" काशीबाईने मायेने विचारलं. "हल्ली काय, परीक्षा देऊन येतत. रान बघूक नसता. शिकशील हळूहळू."

खरं सांगून टाकायला इथे एक दार उघडलं होतं, हे संचिताबाईंना तेव्हाही कळलं. पण माणसाच्या अंगावर शेण असतं आणि समोर म्हैस असते, तेव्हा जवळ उरलेली शेवटची प्रतिष्ठा आपल्या हाताने टाकून देववत नाही.

"हो. तशी नवीनच आहे मी," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारच्या एसटीने त्या परतल्या त्या काशीबाईच्या मुलाचा जुना चौकड्यांचा शर्ट घालून. त्याला एकच खिसा होता आणि तो फाटलेला होता.

सोमवारी सकाळी तीनदा धुतलेला शर्ट घेऊन त्या फकरुद्दीनभाईंकडे गेल्या. कापडात राहिलेली कुसळं निघतील का, एवढंच विचारायचं होतं. भाईंनी शर्ट चिमट्याने धरला.

"डाग नाय, वास नाय. कंपनी खोटा बोलाक नाय. कापडात दोष नाय, वैनी. आतल्या माणसाचा मी सांगू शकत नाय." मग हसून म्हणाले, "तुमी होतास तेवा बावखोलात मोठी गंमत झाली म्हणे. फॉरेष्टाची कोण सायबीण येऊन काशीबाईचो पंचनामो करून गेली. बरा झाला. नायतर भरपाईक तीन दिवसांत अर्ज जावक व्हयो. आमच्या सासऱ्यांचे माड मोडले तेवा आमी चौथ्या दिवशी गेलव. परत धाडल्यानी."

संचिताबाईंच्या पाठीला आता जे झालं ते खाजकुयरीने झालेलं नव्हतं.

"तीन दिवस म्हणजे, शुक्रवारी रात्री झालं असेल तर?"

"मगे आज शेवट."

काशीबाईकडे फोन होता, पण वाडीत रेंज नव्हती. संचिताबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, निलेशरावांची स्कूटर घेतली आणि बावखोल गाठलं. या वेळी अंगात साधा पंजाबी ड्रेस होता. टपरीवाल्याने मानही वर केली नाही. "दूध संपला. कोरी चाय मिळात," एवढंच म्हणाला. काशीबाई दारात सुपारी फोडत बसली होती.

"कोण गो तू? जनगणनेची काय?"

परवा जिच्या पाठीला हाताने शेण फासलं होतं, तिला ती ओळखत नव्हती. संचिताबाईंना हे फार लागलं, पण लागून घ्यायला वेळ नव्हता. उंबऱ्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं: कॉलेज, शर्ट, 'बघते' म्हणाल्या ते, आणि 'नवीनच आहे' म्हणाल्या तेही.

काशीबाईने अडकित्ता खाली ठेवला. "म्हंजे तू फॉरेष्टाची नाय?"

"नाही."

"मगे माझा शेण कित्याक फुकट घालवलंस?"

ती अजून ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "आज सकाळी शेजारचो माका गाडीर घालून ऑफिसात नेतंय म्हणा होतो. मी नको म्हटलंय. म्हटलंय, सायबीण करतली. माझ्या वर्षाच्या केळी त्यो, बाये."

संचिताबाई उंबऱ्यावरून उठल्या आणि स्कूटरची किल्ली काढली. "कागद घ्या आणि बसा मागे," त्या म्हणाल्या. "पाचच्या आत पोचू."

वनखात्याच्या कार्यालयात त्या साडेचारला पोचल्या. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे वीज नव्हती. ती यायला वीस मिनिटं गेली. मग टेबलामागच्या कारकुनांनी कागद चाळले. आधारकार्डावर काशीबाई होतं, पासबुकात काशी, सातबाऱ्यावर काशिबाय.

"या तीन बाया आहेत का?" त्यांनी विचारलं.

"तीनय मीच," काशीबाई म्हणाली. "केळी गेली ती पण एकाच बायेची."

"तसं घोषणापत्र लिहून द्या."

संचिताबाईंनी ते तिथेच, फळ्यावरच्या अक्षरात, एका दमात लिहून दिलं. कारकुनांना अक्षर आवडलं. त्यांनी शिक्का उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"बावखोल? बावखोलचा पंचनामा झालाय की. कोणी वरिष्ठ करून गेलेत. मग पुन्हा अर्ज कशाला?"

"कोण वरिष्ठ, तेच मी कालपासून शोधतेय," दारातून आवाज आला. एक तरुण वनरक्षक आत येत होती. धुळीने बूट लाल झालेले, गणवेश धुऊन धुऊन फिका पडलेला, काखेत वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने घातलेली शिवण. पाटीवर समीक्षा असं नाव होतं. "सगळी वाडी सांगते, मोठ्या मॅडम आल्या होत्या, नवा कोरा ड्रेस, गळ्यात शिट्टी. मला वाटलं गुपचूप तपासणी आली. कालचा अख्खा रविवार बसून तीन महिन्यांची फिरतीची डायरी पुरी केली मी."

संचिताबाई उभ्या राहिल्या. वर्गात उत्तर न येणारी मुलं उभी राहतात तशा.

"ती मी," त्या म्हणाल्या.

समीक्षाने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग तिचे डोळे मोठे झाले. "घाडी मॅडम? बारावी सायन्स, ब तुकडी. प्रॅक्टिकलला वनस्पती ओळखायच्या होत्या, त्यात तुम्ही मला दहापैकी तीन दिले होते."

"हो का?" संचिताबाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"खाजकुयलीला मी खाजकुयली लिहिलं. लॅटिन नाव नाही म्हणून तुम्ही काट मारली."

"तेका तू खाजकुयरी बरोबर लिवलंस!" काशीबाई टाळी वाजवून म्हणाली. "ह्या बायेन ती खिशात भरलेली!"

मग सगळी हकिकत पुन्हा झाली, म्हशीसकट. सांगणारी काशीबाई होती आणि तिने काही गाळलं नाही. शेजारच्या खोलीतले लोकही येऊन उभे राहिले. संचिताबाई भिंतीवरच्या रानकुत्र्यांच्या तक्त्याकडे बघत होत्या. पण पाच चाळीसला अर्जावर शिक्का पडला, पोच मिळाली, आणि काशीबाईने ती घडी घालून कनवटीला खोचली.

मंगळवारी पंचनाम्याला पंच म्हणून संचिताबाईंनाही यावं लागलं, कारण शनिवारचे फोटो आणि मोजमाप त्यांच्याकडेच होतं. समीक्षाने वहीतले आकडे ताडून बघितले. सगळे बरोबर निघाले. 'नर असावा' एवढं तिने खोडलं. मग केळीत चालता चालता तिने हळूच विचारलं, "मॅडम, तो शर्ट सात हजारांचा होता म्हणे. खरंच आहे का तेवढ्याचा?"

संचिताबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "काट्यात फाटला नाही. मातीचा डाग पडला नाही. दोरीवर घातला की पंधरा मिनिटांत वाळतो," त्या म्हणाल्या. "तू घेतलास तर तेवढ्याचा आहे. मी घेतला तर दोनशेचा."

समीक्षा हसली आणि बांधावर बसून पंचनामा लिहायला लागली. लिहिता लिहिता तिचा आवाज सरकारी झाला. "सदर पंच शनिवार रोजी घटनास्थळी कोणत्या कारणाने हजर होत्या?"

"निसर्ग अभ्यास," संचिताबाई म्हणाल्या.

"खोटा कित्याक सांगतंस आता?" काशीबाई म्हणाली. "लिव गो तू. जाळ करूक इल्ली, जाळ झालो नाय, खाजकुयरी लागली."

समीक्षाने संचिताबाईंकडे बघितलं. संचिताबाईंनी होकारार्थी मान हलवली. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं गेलं. टपरीवाला, पिशवी उचलणारा तो माणूस आणि वाडीतली सहा-सात माणसं बांधाशी उभी राहून ऐकत होती: सदर पंच या रानात विस्तव करण्याचा प्रयत्न करीत असता, अंगास खाजकुयलीची कुसळे लागून, मदतीकरिता शिट्टी वाजविती झाल्या. कोणीतरी हसलं. बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

"बरोबर आहे ना, मॅडम?" समीक्षाने विचारलं.

"बरोबर आहे," संचिताबाई म्हणाल्या आणि सही केली. सहीच्या खाली हुद्दा लिहायला जागा होती. पेन त्या जागेवर थोडा वेळ थांबलं. सगळी वाडी बघत होती. मग त्यांनी तिथे एक आडवी रेघ मारली आणि पेन काशीबाईकडे दिलं.